गाडी पिकअप घेत नाही? नोझल उतरवण्याआधी हे तपासा

"रेस देतो, आवाज वाढतो, पण गाडी उचलत नाही. नोझल बदलून टाकू का?" या प्रश्नाने सुरू होणारे फोन मला वर्षभर येतात. विचारणाऱ्याने खर्चाचा आकडा आधीच ऐकलेला असतो आणि त्याला माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मी तो देत नाही. पिकअप जाणं हे लक्षण आहे, आजार वेगळाच असतो. ताप आला म्हणून कोणी सरळ ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपत नाही.

मोहाडी तालुक्यातल्या, वैनगंगेपलीकडच्या करडी-पालोरा पट्ट्यात जुनी डिझेल ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर आता नवलाची राहिलेली नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. पांदणीत, चिखलात, रेतीत चालणारी गाडी बेताच्या पैशांत मिळाली की माणूस घेतो. अडचण पुढे येते. आपल्या गावातल्या मिस्त्रीचा हात ट्रॅक्टरवर पक्का बसलेला असतो. या गाडीत मात्र डिझेल, हवा आणि गिअर या तिन्हींवर संगणकाची नजर असते. तिथे अंदाजाने एकेक भाग बदलत जाणं फार महाग पडतं.

हे मी स्वतः भोगलं आहे. माझ्या गाडीचे चारही इंजेक्टर, म्हणजे नोझल, एका गॅरेजने काढून बाहेरगावी पाठवले आणि दुरुस्त करून परत बसवले. फरक शून्य. महिनाभराने दुसऱ्या एका फिटरने बॉनेट उघडून पाच मिनिटांत टर्बोकडे जाणारी पेन्सिलीएवढी रबरी नळी दाखवली. उंदराने ती कुरतडली होती. नळी शंभर-दीडशे रुपयांची होती. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला तपासणीचा क्रम सांगत आलो आहे. तोच इथे देतो.

आधी एवढंच ठरवा: ताकद तयार होत नाही, पोचत नाही, की काहीतरी अडवतंय?

सकाळी रहदारी नसताना सरळ, सपाट रस्त्याचा एक तुकडा निवडा. शेजारी एक माणूस बसवा. काटे त्याने पाहायचे, तुम्ही रस्ता पाहायचा. गाडी नीट गरम होऊ द्या. मग ४० च्या वेगावरून रेस दाबा आणि ८० ला पोचायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. परतीच्या दिशेनेही एकदा करा, म्हणजे वारा आणि चढ-उतार यांचा हिशेब निघतो. आकडे लिहून ठेवा, दुरुस्तीनंतर ते लागणार आहेत. या वेळी आरपीएमचा काटा काय करतो ते सगळ्यात महत्त्वाचं.

- काटा सरसर वर जातो, वेग मात्र वाढत नाही. इंजिन ताकद देतंय, ती चाकांपर्यंत जात नाही. संशय ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर घ्या, किंवा गाडी ४-लो मध्ये राहून गेली असेल.
- काटाच जड झाल्यासारखा हळूहळू चढतो. ताकद तयारच होत नाही. हवा, डिझेल, टर्बो किंवा एखादा सेन्सर.
- काटा ठीक चढतो, पण रेस सोडताच गाडी कोणीतरी मागे ओढल्यासारखी थांबते. ब्रेक चिकटलाय, टायरमध्ये हवा कमी आहे किंवा फोर-व्हील सुटलेलं नाही.
- चालता चालता एकदम ताकद जाते आणि चावी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर परत येते. संगणकाने बिघाड ओळखून स्वतःच मर्यादा घातली आहे. याला 'लिम्प मोड' म्हणतात. अशा वेळी काहीही उघडण्याआधी स्कॅनर लावा.

बरेच जण ही पहिली पायरी गाळतात आणि इंजिनचं दुखणं गिअरबॉक्समध्ये शोधत बसतात, किंवा उलट.

अपेक्षाही रास्त ठेवा. जुन्या ३ लिटर फॉर्च्युनरचं इंजिन १७१ पीएसचं, ३ लिटर एन्डेव्हरचं १५६ पीएसचं, आणि दोन्ही गाड्यांचं वजन दोन टनांच्या आसपास. एमहॉक स्कॉर्पिओ १२० पीएसची. नव्या असतानाही या गाड्या पाय ठेवताच उडी मारत नव्हत्या. रेस दिल्यावर टर्बो भरायला आणि गिअर खाली यायला क्षणभर लागणारच. तुम्हाला पाहायचंय ते असं की ही गाडी तिच्याच मागच्या वर्षीच्या मानाने मंदावली आहे का.

घरच्या अंगणात, खर्च न करता

पहिली गोष्ट ऐकून हसू येईल, पण बघाच. एक्सलरेटरखालची मॅट. चिखलाच्या दिवसांत मूळ मॅटवर दुसरी जाड रबरी मॅट टाकली जाते आणि पेडल शेवटपर्यंत दाबलंच जात नाही. दोन्ही मॅट काढा आणि पुन्हा चालवून पाहा.

मग फोर-व्हीलचा लिव्हर किंवा बटण. पार्ट-टाइम फोर-व्हील असलेली गाडी डांबरी रस्त्यावर ४-हाय मध्ये चालवली की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी झटतात. वळताना गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात. बटण टू-व्हीलवर असलं तरी आतली मोटर अडकून फोर-व्हील सुटलेलं नसू शकतं. डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा विझतो की लुकलुकत राहतो ते पाहा. कच्च्या रस्त्यावर थोडं मागे-पुढे घेतल्यावर बरेचदा ते सुटतं.

दहा-बारा किलोमीटर, शक्यतो कमी ब्रेक मारत, चालवून थांबा आणि हात प्रत्येक चाकाजवळ न्या. डिस्कला बोट लावू नका, भाजेल. एकच चाक इतरांपेक्षा स्पष्ट जास्त तापलं असेल, जळका वास येत असेल, तर तिथला कॅलिपर किंवा हँडब्रेक चिकटला आहे. बांधीच्या चिखलातून आलेल्या गाडीत ही नेहमीची गोष्ट आहे.

टायर पाहा. दिसायला रुबाबदार म्हणून मोठे टायर टाकलेली गाडी तुमच्याकडे आली असेल तर हिशेब करा. २६५/६५ आर १७ चा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर, २८५/७० आर १७ चा सुमारे ८३१. म्हणजे चाक ७ टक्क्यांनी मोठं. गाडी कायम थोड्या वरच्या गिअरमध्ये असल्यासारखी वागणार आणि वेगाचा काटाही खऱ्यापेक्षा कमी दाखवणार. इथे दुरुस्ती करायची ती टायरची, इंजिनची नाही.

एअर फिल्टर आणि चुरणीचा हंगाम

आपल्या भागात धानाची चुरणी सुरू झाली की हवेत कोंडा, तणसाचे बारीक तुकडे आणि धूळ भरून राहते. राइस मिलजवळ तर बाराही महिने. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं फिल्टरचं अंतर अशा हवेला लागू पडत नाही. हंगामात दर महिन्याला डबा उघडून पाहा.

कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने, आणि तीही एक-दोनदाच. बाहेरून मारलेली हवा धूळ कागदात आणखी खोल बसवते. फिल्टर काढून 'बघू, पिकअप येतो का' म्हणून गाडी चालवायची सवय तर मोडाच, कारण धुळीचा एक कणही टर्बोच्या पंख्याला पुरतो. नवा फिल्टर टाकून पाहणं सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित.

डबा उघडलाच आहे तर त्यात उंदराचं घरटं नाही ना, तेही बघा. तणसाच्या गंजीशेजारी गाडी उभी करणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि इंटरकूलरच्या जाळीत चिखल-कोंडा किती भरलाय ते टॉर्चने पाहा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की हवा आधीच विरळ झालेली असते. त्यात इंटरकूलर बुजलेला असेल तर दुपारी गाडी मंद आणि पहाटे ठीक, असं वागते. हे लक्षण लक्षात ठेवा.

धूर काय सांगतो

मागे दुसरी गाडी किंवा मोटारसायकल घेऊन कोणाला तरी येऊ द्या आणि तुम्ही रेस दाबाल तेव्हाचा धूर पाहायला सांगा.

- दाट काळा धूर: डिझेलच्या मानाने हवा कमी. फिल्टर, फुटलेली टर्बोची नळी, उघडा अडकलेला ईजीआर किंवा गळके इंजेक्टर.
- ताकद नाही आणि धूरही नाही: इंजिनला डिझेलच कमी मिळतंय, किंवा संगणकाने ते कमी केलंय. डिझेल फिल्टरकडे जा.
- निळसर धूर: इंजिन ऑइल जळतंय. टर्बोच्या सीलमधून येत असेल तर खाली 'कधी चालवू नये' हा भाग वाचा.
- गरम इंजिनातूनही पांढरा धूर: डिझेल अर्धवट जळतंय किंवा कूलंट आत जातंय. कूलंटची पातळी रोज पाहा.

आणखी एक साधन तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेलं असतं, पण त्याकडे कोणी लक्ष देत नाही. ते म्हणजे पीयूसीची पावती. डिझेल गाडीची पीयूसी जागेवर रेस देऊन धुराचा आकडा मोजते. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांना मर्यादा ६५ एचएसयू, बीएस-४ ला ५०. तुमच्या मागच्या दोन-तीन पावत्या शेजारी ठेवा. आकडा दर खेपेस चढत असेल तर हवेच्या बाजूने काहीतरी हळूहळू बुजतंय. अर्थात चाचणी खरोखर नळी लावून झालेली असेल तरच. पुढच्या वेळी शेजारी उभं राहून ती करून घ्या.

डिझेल: आपल्याकडचा सर्वांत मोठा घोटाळा

या भागाला मी मुद्दाम जास्त जागा देतो आहे.

शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टर आणि मोटरपंपासाठी डिझेल ड्रममध्ये किंवा प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवलेलं असतं. पावसाळ्यात झाकणातून ओल जाते, तळाशी पाणी आणि गाळ बसतो. जुन्या ट्रॅक्टरचा पंप असं डिझेल कसंबसं पचवतो. तुमच्या कॉमन-रेल गाडीचा पंप पचवत नाही. त्याच्या रेलमध्ये आयडलिंगला साधारण २५० ते ३५० बार आणि पूर्ण रेसला गाडीगणिक १,३०० ते १,८०० बार दाब असतो. आतले भाग केसापेक्षा बारीक फटींवर चालतात आणि डिझेल हेच त्यांचं वंगण. पाण्याचा थेंब तिथे वंगण तोडतो आणि गंज धरवतो. रात्री पंप दूर आहे म्हणून ड्रममधलं पाच लिटर टाकलं, ही एकच चूक पंप आणि इंजेक्टर दोन्ही संपवू शकते. केरोसीन मिसळण्याचा प्रयोगही करू नका, त्यात वंगण नसतं.

आता तपासणीचा क्रम:

1. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नट सैल करून आलेलं डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. तळाशी पाण्याचा थर किंवा काळी-तांबडी रेती दिसली तर टाकीही साफ करावी लागेल.
2. फिल्टर किती किलोमीटरला बदलला हे आठवत नसेल तर बदला. चांगल्या बनावटीचाच घ्या.
3. जुना फिल्टर टाकून देऊ नका. तो कापून आतला कागद पाहा. चंदेरी, चकचकीत कणी दिसली तर पंप झिजतो आहे आणि ती कणी पुढे इंजेक्टरमध्ये जाते आहे.
4. फिल्टरपर्यंतच्या रबरी नळ्या आणि क्लिपा तपासा. गळत नसल्या तरी त्या हवा ओढू शकतात. सकाळी उशिरा स्टार्ट होणं हे त्याचं लक्षण.
5. एवढं झाल्यावरच रेलचा दाब स्कॅनरवर पाहा आणि इंजेक्टरची परतगळती बाटल्या लावून मोजून घ्या. एका बाटलीत इतरांपेक्षा कितीतरी जास्त डिझेल आलं तर दोष त्या एका इंजेक्टरचा. चारही बदलायची गरज नसते.

एक कळकळीची सूचना. ट्रॅक्टरचा मिस्त्री कोणतं नोझल मारत नाही हे पाहायला चालू इंजिनवर पाइपचा नट सैल करतो. कॉमन-रेल गाडीवर हे कोणालाही करू देऊ नका. हजार बारांची धार कातडी भेदून डिझेल शरीरात घुसवते आणि वरून जखम टाचणीएवढीच दिसते. असं झालंच तर मलमपट्टी करत न बसता थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि 'उच्च दाबाचं डिझेल आत गेलंय' हे शब्द डॉक्टरांना सांगा.

पंपावरच्या डिझेलचा संशय असेल तर घनता मोजून दाखवायला आणि पाच लिटरच्या मापाने माप तपासून दाखवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. भरलेल्या डिझेलची पावती ठेवा. नंतर काही सिद्ध करायचं झालं तर त्या कागदाशिवाय तुमच्या हातात काहीच नसतं.

टर्बो बदलण्याआधी त्याच्या नळ्या

'टर्बो गेला' हे वाक्य गॅरेजमध्ये फार सहज उच्चारलं जातं. टर्बो स्वतः जातो त्यापेक्षा त्याला जोडलेल्या नळ्या जास्त वेळा जातात. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन अशा जाड होज असतात. जोडाजवळ तेलाचा ओलसर, धूळ धरलेला डाग म्हणजे तिथून दाब सुटतो आहे. रेस देताना सूं असा नवा आवाज आणि काळा धूर, दोन्ही एकत्र आले तर होज फाटलेली असण्याची दाट शक्यता. फट कधी कधी फक्त दाबाखालीच उघडते, म्हणून बंद इंजिनवर नुसतं पाहून समाधान मानू नका.

पुष्कळ गाड्यांत टर्बोच्या पाकळ्या व्हॅक्यूमवर हलतात. त्या बारीक नळ्या उन्हाने कडक होतात, तडकतात, उंदीर खातात. काही गाड्यांत हेच काम इलेक्ट्रिक मोटर करते. पाकळ्या काजळीने अडकल्या तर दोन तऱ्हा दिसतात. एक, खालच्या आरपीएमला गाडी मेलेली आणि २,५०० च्या वर जिवंत. दुसरी, जोरात रेस दिली की दाब जास्त होऊन गाडी लिम्प मोडमध्ये. गावातल्या गावात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत काजळी लवकर साठते. पाकळ्या साफ करता येतात, त्यासाठी टर्बो नवा घ्यावा लागत नाही.

ईजीआर म्हणजे धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. तो उघडा अडकला की इंजिनला स्वच्छ हवा कमी मिळते. तो, त्याच्यामागचा इनटेक आणि तिथला दाबाचा सेन्सर काढून साफ करणं हे अर्ध्या-एक दिवसाचं काम आहे. 'कायमचा बंद करून टाकतो' असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. कारण खाली हक्कांच्या भागात देतो.

ब्रेक लाइटचा स्विचही पाहा. तो बिघडला तर संगणकाला वाटतं की ब्रेक आणि रेस एकाच वेळी दाबलेले आहेत, आणि काही गाड्यांत तो ताकद कापतो. मागचे ब्रेक लाइट कायम पेटलेले किंवा पेटतच नसलेले दिसले तर आधी हा स्विच.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

विकणाऱ्याने 'या गाडीचं गिअर ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही' असं सांगितलं असेल तर ते आयुष्य नक्की कोणाचं, हे विचारायला हवं होतं. दशकभर चाललेल्या गाडीचं ऑइल जुनं असतंच. डिपस्टिक असेल तर गाडी गरम करून, सपाटीवर, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून पार्कमध्ये किंवा पुस्तकात सांगितलेल्या जागी आणा आणि इंजिन चालू ठेवून पातळी पाहा. डिपस्टिक नसेल तर ते काम लिफ्टवर, ठरलेल्या तापमानालाच होतं.

- लालसर, पारदर्शक: ठीक.
- तपकिरी, पण वास नाही: बदलायला आलंय.
- काळं आणि जळक्या वासाचं: आतले क्लच घासले आहेत. नुसतं ऑइल बदलून फार आशा धरू नका.
- गुलाबी, दुधासारखं: आत पाणी किंवा कूलंट गेलंय. गाडी तिथेच थांबवा.

हे गुलाबी प्रकरण आपल्याकडे दोन वाटांनी येतं. रेडिएटरच्या आत गिअर ऑइल थंड करणारी नळी सडली की कूलंट त्यात मिसळतं. दुसरी वाट पुराची. ऑगस्ट २०२० अखेरीस वैनगंगेच्या पुरात भंडाऱ्यात किती भाग पाण्याखाली गेला ते आपण पाहिलं आहे. नाल्यावरच्या पाण्यातून गाडी घातली की गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि एक्सलच्या श्वासनळ्यांमधून पाणी आत ओढलं जातं. पाण्यातून काढलेल्या गाडीचं प्रत्येक ऑइल पाहिलंच पाहिजे. जुनी गाडी विकत घेतानाही.

ऑइल भरताना बाटलीवरचा दर्जा तुमच्या गाडीच्या पुस्तकातल्याशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. 'सगळ्यांना चालतं' या ऑइलमुळे गिअर घसरल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

इंजिन कमजोर की गिअरबॉक्स, हा वाद मिटत नसेल तर जाणकार मेकॅनिक 'स्टॉल टेस्ट' करतो. ब्रेक पूर्ण दाबून, डी मध्ये, काही सेकंद पूर्ण रेस. आरपीएम पुस्तकातल्या आकड्यापेक्षा खूप खाली अडकला तर इंजिन कमजोर किंवा टॉर्क कन्व्हर्टर बिघडलेला. खूप वर गेला तर गिअरबॉक्स आतून घसरतोय. ही चाचणी स्वतः करू नका. पाच सेकंदांच्या वर गेली तर ऑइल उकळतं, आणि ब्रेक सुटला तर समोरचा माणूस जातो.

बॅटरीही तपासा. व्होल्टेज कमी पडलं की गिअरचा संगणक गोंधळतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते.

गॅरेजमध्ये काय मागायचं

'स्कॅन केलं, नोझल दाखवतंय' यावर विश्वास ठेवू नका. स्कॅनर भागाचं नाव सांगत नाही. तो कोड देतो आणि आकडे दाखवतो, अर्थ माणूस लावतो. जुना कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या. मग गाडी रस्त्यावर पूर्ण रेसला असताना हे आकडे पाहायला सांगा:

- रेलचा दाब: संगणकाने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला
- टर्बोचा दाब: मागितलेला आणि मिळालेला
- एक्सलरेटरची टक्केवारी, पेडल पूर्ण दाबल्यावर
- ईजीआर किती उघडा आहे
- कूलंट आणि गिअर ऑइलचं तापमान
- कोणता गिअर लागलाय आणि कन्व्हर्टर लॉक होतोय का

मागितलेला आणि मिळालेला आकडा जिथे वेगळा होतो, तिथे दोष आहे. टर्बोच्या आकड्यात एक गफलत होते. बहुतेक स्कॅनर वातावरणाचा दाब धरून दाखवतात, म्हणजे बंद इंजिनवरही सुमारे १०० किलोपास्कल दिसतात. ते वजा करूनच टर्बोचा खरा दाब कळतो. कूलंटचं तापमान कधीच नीट चढत नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. अशा वेळी पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्या वरचा गिअर घेत नाहीत, आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो.

बीएस-४ च्या आधीच्या काही गाड्यांना स्वस्त मोबाइल स्कॅनर बोलत नाही. तिथे त्या बनावटीचा स्कॅनर असलेलं गॅरेज शोधावं लागतं. भंडाऱ्यात जमलं नाही तर नागपूर तिथून साठेक किलोमीटर आहे. सुट्या भागांची चौकशी दुरुस्ती सुरू करण्याआधी करा. जनरल मोटर्सने भारतात विक्री २०१७ मध्ये थांबवली, फोर्डने इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा २०२१ मध्ये केली. गाडी उघडून पडली आणि भागच मिळाला नाही, असं व्हायला नको.

कधी चालवू नये, कशी ओढू नये

निळा धूर आणि इंटरकूलरच्या होजमध्ये तेल साठलेलं असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. फुटलेल्या टर्बोचं तेल इंजिन इंधन म्हणून जाळू लागतं आणि चावी बंद केली तरी ते पळत सुटतं. मॅन्युअल गाडी वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून बंद पाडता येते. ऑटोमॅटिक गाडीत ती सोयच नाही. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तरी थांबा, त्यात डिझेल उतरतंय.

बंद पडलेली ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर ट्रॅक्टरला दोर बांधून करडीहून भंडाऱ्यापर्यंत नेऊ नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा ऑइल पंप फिरत नाही आणि चाकं आतले भाग कोरडेच फिरवतात. चारही चाकं वर घेणारी सपाट गाडीच बोलवा. ढकलून ती स्टार्टही होत नाही.

तुमचे हक्क, आणि एक-दोन धोके

ईजीआर बंद करणं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून टाकणं किंवा संगणकात 'चिप' टाकून ताकद वाढवणं, हे उपाय पिकअपसाठी सर्रास सुचवले जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) प्रमाणे परवानगीबाहेरच्या बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाचा निकष मोडला तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिक्षा मालकाला होते, सुचवणाऱ्याला नाही. शिवाय जुन्या गिअरबॉक्सवर वाढीव ताकद टाकली की तो आधी जातो.

दुरुस्तीच्या व्यवहारात हे पाळा:

- काम सुरू होण्याआधी लेखी अंदाजपत्रक. व्हॉट्सअॅपवर आलेलं चालेल, पण शब्दांत हवं. 'अंदाजाबाहेर खर्च जाणार असेल तर विचारल्याशिवाय करू नये' हे वाक्य तुम्ही स्वतः टाका.
- काढलेले जुने भाग परत मागा, आणि तेही गाडी देतानाच सांगून ठेवा.
- बिल घ्याच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल नाकारणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. 'बिनबिलाचं स्वस्त पडेल' हा प्रस्ताव स्वीकारलात तर पुढची तक्रार तिथेच लुळी पडते.

एक गोष्ट माहीत नसल्याने भांडणं होतात. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ताब्यात ठेवण्याचा अधिकार भारतीय करार कायद्याच्या कलम १७० ने दुरुस्ती करणाऱ्याला दिला आहे. म्हणून बिलावर वाद असेल तर हातघाईवर येऊ नका. 'हरकत नोंदवून पैसे देत आहे' असं लिहून पैसे भरा, गाडी सोडवा आणि मग तक्रार करा.

तक्रारीची पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे नागपूरच्या गॅरेजविरुद्धही भंडाऱ्यात. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. मात्र गाडी एखाद्या खासगी माणसाकडून घेतली असेल आणि त्याने दोष लपवला असेल, तर तो व्यापारी नसल्याने ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा मिळत नाही. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून ते असणं आवश्यक आहे.

गाडी सोडवून आणताना

पैसे देण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवा. तुमच्या गावचा तो सरळ तुकडा तिथे नसेल, तर गॅरेजजवळच्या तशाच सपाट रस्त्यावर ४० ते ८० पुन्हा मोजा. माणसं तेवढीच आणि एसीची स्थिती तीच ठेवा. दुरुस्तीआधीचा तुमचा आकडा त्याला दाखवा. नंतरचे स्कॅनरचे आकडेही फोटोत घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल. बिलावर कोणता भाग, कोणत्या बनावटीचा आणि किती दिवसांची हमी हे लिहिलंय का ते तिथेच वाचा. गावी पोचल्यावर आपल्या नेहमीच्या रस्त्यावर तिसऱ्यांदा मोजा, आणि हमीच्या मुदतीत फरक पुन्हा जाणवला तर त्याच दिवशी गॅरेजला लेखी कळवा.